नगरसेवकाच्या कागदपत्रांचा संग्रह कसा लावायचा: कपाट उघडण्यापासून अभिलेखागारात सोपवेपर्यंत

नगरसेवकाची कारकीर्द संपते, जनसंपर्क कार्यालयाची जागा सोडावी लागते आणि पंधरा-वीस वर्षांचे कागद आठवडाभरात हलवायची वेळ येते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. मोठ्या नेत्यांबरोबरचे फोटो, मानपत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे जपून बाजूला ठेवली जातात, तर नागरिकांचे अर्ज, आवक-जावक रजिस्टरे आणि कच्च्या चिठ्ठ्या रद्दीवाल्याकडे जातात. कात्रण वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत पुन्हा सापडू शकते. एखाद्या चाळीतल्या ४० कुटुंबांनी सामाईक नळासाठी सह्या करून दिलेला अर्ज मात्र दुसरीकडे सापडण्याची शक्यता फार कमी असते.

दुसरी चूक त्याहून महाग पडते: सगळे कागद बाहेर काढून 'पाणी', 'रस्ते', 'शाळा' असे विषयवार नवे ढीग लावणे. कोणता कागद कशासोबत बांधला होता आणि कोणत्या खणात होता, ही माहिती त्याने कायमची जाते. कार्यालयात काम कसे चालायचे याचा पुरावा त्या रचनेतच असतो. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. घरचे लोक, स्वीय सहायक, कार्यकर्ते आणि छोट्या ग्रंथालयांतले ग्रंथपाल अशा सगळ्यांना हा क्रम पाळता येईल.

## टप्पा १: मालकी आणि परवानगी

नगरसेवकाच्या कपाटात तीन मालकांचे कागद मिसळलेले असतात. पत्रव्यवहार, डायऱ्या, भाषणांची टिपणे आणि कार्यअहवाल हे त्या व्यक्तीचे किंवा वारसांचे. सभासद नोंदणीची पुस्तके आणि वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत पक्षाची किंवा शाखेची. महापालिकेच्या एखाद्या खात्याची मूळ फाइल, म्हणजे ज्यात अधिकाऱ्यांच्या टिपण्या, मूळ सह्या आणि खात्याचा फाइल क्रमांक आहे ती, महापालिकेची.

सभेची कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त आणि अर्थसंकल्पाची पुस्तके सदस्यांना वाटलेल्या प्रती असतात. त्या संग्रहात ठेवायला हरकत नाही. मूळ खातेफाइल सापडली तर ती संबंधित खात्याकडे किंवा वॉर्ड ऑफिसात पत्रासह परत द्या आणि पोच घ्या. ती पोच संग्रहात ठेवा.

काम सुरू करण्याआधी सर्व वारसांच्या सहीचे एक पानी संमतिपत्र करून घ्या. कागद कोण देत आहे, कोणत्या जागेतले, नको असलेल्या कागदांचे काय करायचे आणि अंतिम निर्णय कोणा एकाचा, एवढे त्यात हवे. शेवटचा मुद्दा वगळला तर काम अर्ध्यावर अडते, कारण एका भावाने ठेवलेला गठ्ठा दुसरा उचलून नेतो.

सावधान: संमतिपत्र होईपर्यंत एकही कागद कोणाला 'आठवण म्हणून' देऊ नका. आधी बाहेर जातात ते फोटो, आणि ते परत येत नाहीत.

## टप्पा २: हंगाम, जागा आणि सामान

मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असतो. तेव्हा उघडलेला गठ्ठा ओल शोषतो आणि पेटीत बंद केला की आतून बुरशी धरतो.

जागा तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तशा दिवशी जमिनीपासून चार बोटे उंच ठेवलेल्या पेटीला काहीच संरक्षण नसते. वरच्या मजल्यावरही सर्वांत खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर असावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटर दूर ठेवा, कारण पावसाळ्यात तीच भिंत पाझरते. वरच्या मजल्याचे न्हाणीघर किंवा पाण्याची टाकी डोक्यावर येत नाही ना, तेही बघा.

सामानाचा अंदाज एका भरलेल्या लोखंडी कपाटाचा. ९० सेंटिमीटर रुंदीचे चार खण धरले तर साडेतीन ते चार मीटर कागद निघतो. सैल-घट्ट गठ्ठे मिळून एका मीटरमध्ये साधारण ७ ते ८ हजार पाने बसतात. म्हणजे एका कपाटात २५ ते ३० हजार पाने. त्यासाठी लागेल:

- आम्लरहित (म्हणजे आम्ल नसलेल्या, त्यामुळे कागद पिवळा न पाडणाऱ्या) पुठ्ठ्याच्या, प्रत्येकी १० सेंटिमीटर जाडीच्या ४० पेट्या
- आम्लरहित कागदाचे २०० फोल्डर (एका पेटीत पाच)
- दीड इंची मऊ केसांचे दोन ब्रश, बोथट पातळ स्पॅच्युला, मऊ शिशाच्या पेन्सिली, सुती फीत
- एन-९५ मास्क आणि नायट्राइल हातमोजे
- आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मापक

आम्लरहित पुठ्ठा परवडत नसेल तर धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात गठ्ठे बांधा. बस्ता बांधण्याची ही पद्धत आपल्याकडच्या दफ्तरखान्यांत टिकलेली आहे. नव्या कापडाची खळ मात्र काढायलाच हवी, कारण कसर तिच्यावरच येते. रंगीत कापड नको. ओल लागली की रंग कागदावर उतरतो.

## टप्पा ३: जसे आहे तसे टिपा

अजून काहीही हलवायचे नाही. प्रत्येक कपाटाला अक्षर द्या आणि प्रत्येक खणाला वरून खाली आकडा. खणातले गठ्ठे डावीकडून उजवीकडे मोजा. 'ब-३-७' म्हणजे ब कपाट, तिसरा खण, सातवा गठ्ठा. आधी पूर्ण कपाटाचा फोटो, मग प्रत्येक खणाचा, मग प्रत्येक गठ्ठ्यावरच्या लेबलाचा.

नंतर वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक गठ्ठ्याची एक ओळ करा: जागा, लेबल जसेच्या तसे, सर्वांत जुने आणि सर्वांत नवे साल, कागदांचा प्रकार, जाडी सेंटिमीटरमध्ये, अवस्था. लेबलवर 'इतर' किंवा 'साहेबांना दाखवणे' लिहिले असेल तर तेच उतरवा, सुधारू नका. गठ्ठ्यात त्याच क्रमांकाची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

स्वीय सहायकाला किंवा कार्यालय सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला याच वेळी बोलवा. कोणता खण रोजचा, कोणता निवडणुकीपुरता, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये काय असायचे, हे त्यांनाच माहीत असते. त्यांचे उत्तर तारखेसह लिहून घ्या.

तपासणी: कार्यालय कधीही न पाहिलेल्या माणसाला वही द्या आणि एक गठ्ठा परत जागेवर ठेवायला सांगा. जमले नाही तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा ४: ओले, बुरशीचे, किडीचे वेगळे करा

पांढरी-हिरवी भुकटी, कुबट वास, चावलेल्या कडा किंवा वाळवीची माती दिसली की तो गठ्ठा चिठ्ठीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दुसऱ्या खोलीत न्या. बाकीचे काम थांबवू नका.

ओला कागद ४८ तासांच्या आत सुकवायला हवा, नाहीतर बुरशी धरते. पाने सुटी होत असतील तर सावलीत, कोऱ्या शोषक कागदावर पसरा. पंखा लावा, पण झोत थेट पानांवर नको. छापील वर्तमानपत्र खाली घालू नका, त्याची शाई उतरते. ऊन देऊ नका; कागद पिवळा पडतो आणि शाई उडते. सगळे एकदम सुकवणे शक्य नसेल तर पिशवीत बंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे बाहेर काढा. सुकी, निर्जीव झालेली बुरशीच ब्रशने झाडायची, आणि तीही उघड्या गच्चीत, मास्क व हातमोजे घालून.

सावधान: पेटीत डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ फोटो आणि प्लॅस्टिकला बाधते, माणसांच्या प्रकृतीलाही. वाळवी असेल तर आधी भिंत आणि कपाट यांवर उपचार करून घ्या, औषध कागदावर मारू नका.

## टप्पा ५: काय ठेवायचे, काय सोडायचे

इथे घाई सर्वांत जास्त होते, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

निर्धास्त सोडता येईल असे थोडेच असते: कोरी लेटरहेड (प्रत्येक प्रकाराची दोन पाने ठेवा), एकाच कार्यक्रमपत्रिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रती, वीज-फोनची बिले, लग्नपत्रिका, छापील दिवाळी शुभेच्छा. दुसरी प्रत टाकण्याआधी ती उलटून बघा. सभेत बसून समासात केलेल्या पेन्सिलीच्या खुणा, मतदानाची बेरीज, शेजारच्या सदस्याने सरकवलेली चिठ्ठी याच प्रतींवर असते. खुणा असलेली प्रत ठेवायची आणि कोरी सोडायची.

हे मात्र कधीही टाकू नका:

आवक-जावक रजिस्टर. संपूर्ण संग्रहाची किल्ली तेच. कोणत्या तारखेला कोणाचे पत्र आले, कोणत्या खात्याकडे गेले, उत्तर कधी आले, हे एका ओळीत मिळते. बाकी कागद हरवले तरी रजिस्टरवरून कामाचा माग काढता येतो.

नागरिकांचे अर्ज. गटार, संडास, पाण्याचा दाब, दरडीखालची घरे, चाळीची दुरुस्ती, झोपडीचे पुरावे, पालिका शाळेतला प्रवेश. एकेकटा अर्ज किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांचे अर्ज एकत्र असले की त्या वस्तीचा नकाशा तयार होतो. खूपच मोठा ढीग असेल आणि जागा खरोखर नसेल तरच नमुना निवडा: उदाहरणार्थ, दर पाचव्या वर्षाचे सगळे अर्ज पूर्ण ठेवा. 'महत्त्वाचे' वाटणारे वेचून काढू नका, कारण त्या निवडीत तुमची आवड शिरते. नमुना कसा घेतला ते सूचीत लिहा.

हरलेल्या निवडणुकांचे कागद. घरचे लोक हे आधी टाकतात. पराभवानंतरची बूथवार बेरीज आणि कार्यकर्त्यांची पत्रे विजयाच्या फाइलपेक्षा कितीतरी बोलकी असतात.

मंजूर न झालेल्या सूचना. ठरावाची सूचना, तहकुबी सूचना (सभा तहकूब करण्याची मागणी) आणि हरकतीचा मुद्दा यांचे कच्चे मसुदे, खाडाखोडीसह. सभागृहाच्या इतिवृत्तात अंतिम रूप मिळेल, खाडाखोड मिळणार नाही.

सावधान: टीका करणारे कागद, नोटिसा, चौकशीची पत्रे किंवा प्रतिकूल कात्रणे काढून टाकली की संग्रह प्रचारपुस्तिका होतो आणि अभ्यासक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्रासदायक कागद काही काळ बंद ठेवता येतो (टप्पा १०), नष्ट करायचा नसतो.

## टप्पा ६: मालिका लावा

मालिका म्हणजे एकाच कामातून जन्मलेल्या फाइलींचा गट. विषय पाहू नका, काम पाहा. मुंबईच्या नगरसेवकासाठी साधारण ही चौकट बसते:

१. व्यक्तिगत: डायऱ्या, खासगी पत्रे, प्रमाणपत्रे
२. निवडणुका: प्रत्येक निवडणुकीची वेगळी उपमालिका, उमेदवारी अर्जाची प्रत, शपथपत्र, खर्चाचा हिशेब, पत्रके, मतदारयाद्या
३. सभागृह: कार्यक्रमपत्रिका, सूचना, भाषणे
४. समित्या: स्थायी, सुधार, शिक्षण, बेस्ट, प्रभाग समिती वगैरे; प्रत्येक समिती वेगळी
५. प्रभागातले काम: नागरिकांचे अर्ज, नगरसेवक निधीच्या फाइली, वॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार
६. पक्ष, मंडळे, संस्था
७. कात्रणे
८. छायाचित्रे, ध्वनी, चित्रफिती

कार्यालयाची स्वतःची रचना स्पष्ट असेल, समजा सहायकाने वर्षानुवर्षे वस्तीवार फाइली ठेवल्या असतील, तर ही चौकट बाजूला ठेवा आणि वस्तीवार रचनाच मालिका म्हणून कायम करा. चौकट फक्त विस्कळीत ढिगांसाठी आहे. फाइलीच्या आतला क्रम मात्र कुठल्याच परिस्थितीत मोडायचा नाही, वरून नवे असो की खालून.

काही कारकिर्दी एका पदावर थांबत नाहीत. गोरेगावच्या पाणीप्रश्नावर लढलेल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे १९६१ साली महापालिकेवर, १९७२ साली विधानसभेवर आणि १९७७ साली लोकसभेवर निवडून गेल्या. अशा कागदांत पदानुसार मुख्य गट करा आणि मालिका त्यांच्या पोटात ठेवा. गोरेगावच्या पाण्याचे पत्र तिन्ही गटांत आले तरी चालेल; सूचीत एकमेकांचा निर्देश द्या, पत्रे उचलून एकत्र करू नका.

समितीचे वर्ष लिहिताना सांभाळा. समित्यांच्या अध्यक्षपदाची निवडणूक एप्रिलमध्ये होते. त्यामुळे 'स्थायी समिती १९९४' ही नोंद अपुरी. 'एप्रिल १९९४ ते मार्च १९९५' असे लिहा.

तपासणी: प्रत्येक फाइलीचा जुना क्रमांक (ब-३-७) नव्या क्रमांकासमोर लिहिला आहे का? हा तक्ता नसेल तर टप्पा ३ वाया गेला.

## टप्पा ७: पिना काढा, फोल्डरमध्ये घाला

मुंबईच्या खाऱ्या हवेत स्टेपल पिन आणि टाचणी गंजून कागदाला भोक पाडतात. पिन काढायचे यंत्र वापरू नका, त्याने कागद फाटतो. पान पालथे घाला, पिनेचे पाय स्पॅच्युलाने सरळ करा आणि पिन पुढच्या बाजूने ओढून घ्या. पाने एकत्र राहावीत म्हणून दुमडलेला कोरा आम्लरहित कागद भोवती घाला. रबरबँड कापून काढा, वितळून चिकटलेला असेल तर खरवडू नका.

धूळ झाडताना ब्रश मधून कडेकडे फिरवा. हातमोजे कागदासाठी नकोत, स्वच्छ कोरडे हात पुरे. पानांचे क्रमांक वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने, हलक्या हाताने. फोल्डर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड भरू नका. पेटी अर्धवट रिकामी राहिली तर कागद वाकतात, म्हणून पुठ्ठ्याचा आधार द्या.

फॅक्सचा चकचकीत गुळगुळीत कागद दिसला की लगेच स्कॅन करा. त्यावरची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात आणि काही वर्षांत पुसून जातात. मूळ कागद फोटोंपासून वेगळा ठेवा.

सावधान: लॅमिनेशन करू नका. सेलोटेपही लावू नका. दोन्ही नंतर काढता येत नाहीत आणि गोंद कागद तपकिरी करतो. फाटलेले पान पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवले की पुरे.

## टप्पा ८: तारीख नसलेल्या कागदांची तारीख काढा

पत्रके, भाषणांची टिपणे आणि कात्रणे यांवर तारीख क्वचित असते. अंदाजाने साल लिहून टाकणे ही नेहमीची चूक. पुरावा शोधा, आणि साल चौकटी कंसात 'सुमारे' घालून लिहा.

पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. 'मुंबई १४' असा पत्ता त्याआधीच्या कागदांवर असतो, '४०० ०१४' नंतरच्या. जुनी लेटरहेड संपेपर्यंत वापरली जात, त्यामुळे पिनकोड असणे हा पक्का पुरावा, नसणे हा कच्चा. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी असेल तर कागद २००२ च्या सुमाराचा किंवा नंतरचा. सात आकडी असेल तर बहुधा आधीचा. 'मुंबई राज्य' असा उल्लेख १ मे १९६० पूर्वीचा. रकमेत 'नये पैसे' लिहिले असतील तर १९५७ ते १९६४ चा काळ धरा. बोरिवली किंवा मुलुंडसंबंधी महापालिकेचा कागद १९५७ पूर्वीचा वाटला तर पुन्हा तपासा, कारण ही उपनगरे त्याच वर्षी महापालिकेच्या हद्दीत आली. इंग्रजी लेटरहेडवर 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' असे अधिकृत नाव १९९५ नंतरच येते. प्रभादेवी स्थानकाचे नाव आले तर कागद २०१८ किंवा नंतरचा.

पत्रकांवरची निशाणी फार उपयोगी. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत, नंतर इंदिरा गांधींच्या पक्षाची गाय-वासरू, आणि १९७८ पासून हात. पणती म्हणजे जनसंघ, १९७७ पर्यंत. कमळ १९८० पासून. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची, पण धनुष्यबाण सगळ्या जुन्या निवडणुकांत नव्हता, त्यामुळे पत्रकावर दुसरीच निशाणी दिसली म्हणून ते खोटे ठरवू नका.

कात्रणाला वर्तमानपत्राचे नाव असले तर खालची मर्यादा मिळते: 'मराठा' १९५६ पासून, 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून, 'सामना' १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून. कात्रणाची मागची बाजू जरूर वाचा. सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक किंवा सोन्याचा भाव नेमका दिवस सांगून जातो.

तपासणी: दिलेल्या प्रत्येक अंदाजित सालापुढे कारण लिहिले आहे का? 'पिनकोडवरून', 'निशाणीवरून' एवढे दोन शब्द पुरतात.

## टप्पा ९: वर्णनसूची

सूची वरून खाली लिहा: आधी पूर्ण संग्रह, मग मालिका, मग फाइल. एकेका पानाची नोंद फक्त फोटो आणि खास पत्रांसाठी. उलट्या क्रमाने, पहिल्या पानापासून सुरुवात केली की पहिल्या पेटीतच दम संपतो.

फाइलीच्या नोंदीत हे हवे: क्रमांक, मूळ शीर्षक, पहिली-शेवटची तारीख, पानसंख्या, दोन ओळींचा मजकूर, भाषा, अवस्था, खुली की बंद. मूळ शीर्षक नसेल तर तुमचे शीर्षक चौकटी कंसात.

मुंबईच्या सूचींत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो प्रभागाचा. बोलताना लोक दोन्हींना 'वॉर्ड'च म्हणतात, पण जी उत्तर, एफ दक्षिण, के पश्चिम हे प्रशासकीय विभाग आणि निवडणुकीचा प्रभाग क्रमांक ही वेगळी गोष्ट. १९९२ च्या निवडणुकीत २२१ प्रभाग होते, २००२ पासून २२७ झाले, आणि पुनर्रचनेत हद्दी व क्रमांक बदलत गेले. त्यामुळे नुसते 'प्रभाग १८५' लिहिणे निरुपयोगी. 'प्रभाग १८५ (२०१७ ची निवडणूक), जी उत्तर विभाग' असे तिन्ही लिहा आणि वस्तीचे, चाळीचे, गल्लीचे नावही जोडा. क्रमांक बदलतात, वस्तीचे नाव लोकांच्या तोंडी राहते. रस्त्याचे नाव बदलले असेल तर कागदावरचे जुने नाव आधी आणि आजचे पुढे.

व्यक्तींची नावे एकाच पद्धतीने: आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव. 'भाऊ', 'अण्णा', 'ताई' अशी हाक पत्रात असेल आणि ती कोणाची हे कळले असेल तरच कंसात नाव द्या.

ठरावाची सूचना, कार्यक्रमपत्रिकेतला विषय, ठराव क्रमांक आणि आयुक्तांचा अभिप्राय अशी साखळी असते. तिचे दुवे वेगवेगळ्या फाइलींत असतात. सूचीत त्यांना एकमेकांशी जोडा. मधला दुवा हरवला असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली महापालिकेकडे अर्ज करून प्रत मागता येते. त्यासाठी सभेची तारीख आणि ठराव क्रमांक हाताशी ठेवा.

## टप्पा १०: खासगी माहिती

अर्जांना रेशनकार्ड, जातीचा दाखला, वैद्यकीय कागद, आधारच्या झेरॉक्स जोडलेल्या असतात. घरगुती छळाच्या तक्रारी असतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतरचे मदतीचे अर्ज आणि जबाब असतील तर त्यात नुकसान झालेल्यांची आणि आरोप केलेल्यांची नावे एकत्र असतात. ही माणसे किंवा त्यांची मुले अजून त्याच गल्लीत राहत असतील. त्यांनी नगरसेवकावर विश्वास ठेवून कागद दिले होते, जगाला दाखवायला नव्हे.

म्हणून प्रत्येक फाइलीला तीनपैकी एक खूण करा: खुली, अर्जावर खुली, बंद. बंद फाइलीवर 'गोपनीय' एवढेच लिहू नका; '३१ डिसेंबर २०५५ पर्यंत बंद' अशी तारीख आणि कारण लिहा. तारीख नसलेले कुलूप कोणीच उघडत नाही. सुट्या पडलेल्या, कोणत्याही अर्जाला न जोडलेल्या आधारच्या झेरॉक्स फाडून नष्ट करा. जोडलेल्या ठेवाव्या लागल्या तर स्कॅनच्या वापरप्रतीत पहिले आठ आकडे झाका. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन आणि अभिलेखनासाठी अटींसह सवलत आहे, पण त्या आधारावर अर्ज सरसकट इंटरनेटवर टाकता येत नाहीत.

## टप्पा ११: फोटो, कॅसेट, जुने संगणक

फोटोच्या मागे बॉलपेन वापरू नका, दाब पुढे उमटतो. फोटो पाकिटात घाला आणि माहिती पाकिटावर लिहा, तीही फोटो आत ठेवण्याआधी. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका, पूर्ण पान जसेच्या तसे स्कॅन करा. माणसे ओळखायला जुन्या कार्यकर्त्यांना बसवा आणि नावे 'डावीकडून' लिहा. हे काम लांबवू नका, ओळखणारे दरवर्षी कमी होतात.

संगणकातल्या जुन्या मराठी फाइली हा वेगळा प्रश्न. श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर चालणारी सामाईक अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये टाइप केलेला कार्यअहवाल दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरे दिसतात. तो जुना संगणक विकण्याआधी त्याच्यावरच प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करा, फाँट आत घालून. मूळ फाइल आणि फाँटही जपा. फ्लॉपी, सीडी, व्हीएचएस यांची प्रत ताबडतोब काढा. व्हॉट्सअॅपचे प्रभाग-गट असतील तर प्रत्येक गटाचे चॅट वेगळे निर्यात करा. फोन बदलला की ते गेले.

## टप्पा १२: स्कॅनिंग

सूचीआधी स्कॅनिंग करू नका. नाहीतर हजारो फाइलींची नावे फक्त आकडे राहतात आणि कोणती कशाची हे कोणालाच कळत नाही.

मजकुराची पाने ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत. शिक्के, लाल शाईतले शेरे आणि निळी सही काळ्या-पांढऱ्यात हरवतात. फोटो ६०० डीपीआय. मूळ प्रत टिफ (चित्राचा तपशील न गमावणारे फाइल-स्वरूप), वापरायची प्रत पीडीएफ. एक ए-४ पान ३०० डीपीआय रंगीत टिफमध्ये सुमारे २६ एमबी होते, म्हणजे १० हजार पानांना २६० जीबी. डिस्क घेताना हा हिशेब करा. पानाची मागची बाजूही स्कॅन करा. पोच आणि शेरे तिथेच असतात.

फाइलीचे नाव संग्रह, मालिका, फाइल, पान या क्रमाने, रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवा. मोकळी जागा सोडू नका. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या पत्त्यावर. प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइलीत काही बदलले की बदलणारा तिचा ओळख-आकडा) काढून यादीत ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

तपासणी: दर शंभर पानांमागे पाच पाने मूळ कागदाशी ताडून बघा. पान सुटले, तिरके आले, बोट आले, कडेचा शेरा कापला गेला, या चार चुका नेहमी सापडतात.

## टप्पा १३: संस्थेकडे सोपवताना

काळा घोड्याचे राज्य पुराभिलेखागार, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय यांच्याकडे आधी सूची घेऊन जा, पेट्या घेऊन नव्हे. विचारायचे प्रश्न असे: खासगी कागदपत्रे सध्या स्वीकारता का, संग्रह एकत्र ठेवाल की विषयवार वाटाल, सूची वाचकांना किती दिवसांत खुली होईल, बंद फाइलींच्या तारखा पाळाल का, पावसाळ्यात खोलीची आर्द्रता किती असते. वाटून ठेवू म्हणाले तर दुसरी संस्था शोधा.

दानपत्रात कागदाची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट वेगवेगळे लिहा. नगरसेवकाला आलेले पत्र त्यांचे, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वारस फक्त नगरसेवकाच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क देऊ शकतात. संस्थेला संग्रह नको झाला तर तो कोणाकडे परत जाईल, हेही लिहून घ्या.

पेट्या नेताना क्रमांकाची यादी दोन प्रतींत करा आणि प्रत्येक पेटी उतरवताना खूण करा. टेम्पो बंदिस्त असावा आणि पेट्यांसोबत एक माणूस आत बसावा. शेवटची पेटी खणात लागली की सही-शिक्क्याची पोच घ्या आणि सूचीची एक प्रत घरी, एक स्वीय सहायकाकडे ठेवा.